तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या चित्रात एवढा कागद कोरा का?

प्रदर्शनात हमखास येणारा प्रश्न. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, सगळी माणसं बाजूनेच का दिसतात, आपल्याकडे कोणीच कसं बघत नाही?

तर मी वाढलो सिंधुदुर्गात कुडाळजवळ, आणि शेजारीच पिंगुळी गाव. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गायची कला, तुम्ही फोटोत तरी बघितली असेल. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता त्या कलेला, आणि २०२१ मध्ये पिंगुळीचे चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्या लोकांना नाव कळलं (आमच्याकडच्याही बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं, ते सोडा). त्यात चित्रं भिंतीवर नसतात. सुटे कागद, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, असा गठ्ठा म्हणजे पोथी, आणि सांगणारा एकेक पान पुढे धरून रामायण-महाभारतातलं आख्यान गातो, सोबत वीणा, हुडूक (डमरूसारखं वाद्य), टाळ. पात्रं एका बाजूने काढलेली, टपोरे डोळे, कारण ती एकमेकांशी बोलत असतात, तुमच्याशी बोलायला सांगणारा बसलाय ना! मागचा कागद बराचसा मोकळाच. जंगल, महाल, रात्र, सगळं तो गळ्यातून भरतो.

मी ठाकर नाही, त्यामुळे मी चित्रकथी करतो असं म्हणत नाही आणि कोणी तसं छापलं की फोन करून बदलायला लावतो. कागद मोकळा सोडायचं धाडस तेवढं तिथून घेतलं. गोष्टी मात्र आजीच्या.

आजीचा आवडता म्हणजे आरवली गावचा ग्रामदेव वेतोबा. रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात म्हणे. मी विचारायचो, देवाच्या चपला कशा झिजतील गं? ती म्हणायची, "रातभर फिरता तो, मगे झिजतली नाय काय?" विषय संपला! तिने वेतोबा कसा दिसतो ते कधी सांगितलंच नाही, नुसती चप्पल सांगितली, टाच कुठे झिजते, अंगठ्याला चिखल कसा लागतो. त्यामुळे माझ्या वेतोबाच्या चित्रात चप्पलच आहे, टाचेला झिजलेली, कडेला त्याला वाहतात तो केळ्यांचा घड, बाकी कोरं. एका काकांनी विचारलं, अर्धवट आहे का हे? तर काका, नाही, पूर्ण आहे. पण कोणी शेजारी उभं राहून गोष्ट सांगितली तर जास्त चांगलं दिसतं, म्हणून मी प्रदर्शनात दिवसभर तिथेच घुटमळत असतो.

आणि हो, उशीच्या अभ्र्यावर छापलेली चित्रकथी विकत घेण्याआधी पिंगुळीला जाऊन एकदा प्रयोग ऐका. कुडाळ स्टेशनवर उतरून रिक्षा करा, जवळच आहे.