पद्मिनीची पुढची काच बसली!

आज फोंड्याला बाबांच्या 1982 च्या प्रीमियर पद्मिनीची पुढची काच बसवली. मन भरून आलं.

हल्लीच्या गाड्यांची काच थेट बॉडीला चिकटवतात. इथे सगळी भिस्त रबराच्या बीडिंगवर, म्हणजे काचेभोवतीच्या दोन खाचांच्या पट्टीवर: एका खाचेत काच, दुसरीत गाडीचा पत्रा. बीडिंग आधी काचेला चढवायचं, मग त्याच्या दुसऱ्या खाचेत दोरी ओवायची आणि दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. फ्रेमला साबणाचं पाणी. मिस्त्रीकाका आतून दोरी हळूहळू ओढत होते, मी बाहेरून तळव्याने काच दाबत होतो. दोरी सुटत जाते तशी रबराची कड उलटून पत्र्यावर चढते. कोपरा आला तसे काका म्हणाले, "जोर लावू नको रे, हात फक्त ठेव." काच कोपऱ्यातच तडकते.

पण खरं काम त्याआधीचं. जुनं रबर काढलं तर खालच्या कडेला गंजाचे पापुद्रे सुटत होते. आपल्याकडचा खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. रबराखाली साचलेलं पाणी बाहेरून दिसतच नाही. घासणं, प्रायमर, रंग, हे टाळून नवीन काच बसवू नका, कळकळीने सांगतोय. आणि व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन तर नकोच, त्याने पत्रा गंजतो. काकांनी न सुकणारं सीलंट बीडिंगच्या कडेखाली भरलं. मग आत वर्तमानपत्रं अंथरून वरून पाइपने पाणी सोडलं. कागद कोरडे ठणठणीत!

आता दारांची रबरं उरलीत. म्हापसा-मडगावकडे चांगली कुठे मिळतात, माहीत असेल तर नक्की कळवा.