‘एस’ या अक्षराखालचा रंग

गाडीच्या पाठीवरचा जुना मोनोग्राम काढून नवा लावणे हे रंगकामाच्या धंद्यातले किरकोळ काम समजले जाते आणि ते तसे समजले जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही क्लिअर कोट म्हणतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात पत्र्याची पट्टी आणि थिनरचा बोळा घेऊन जेव्हा कोणी पाच मिनिटांत मोनोग्राम उचकटून देतो, तेव्हा तो या थरावर ओरखडे पाडून ठेवतो आणि मग पूर्ण डिकी रंगवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुण्यातल्या आमच्या कार्यशाळेत हे काम मी अजूनही शक्यतो स्वतःच करतो. या कामात मोनोग्रामखाली काय दिसेल हे आधी सांगता येत नाही, आणि पोर्शे कंपनीच्या बॉक्स्टर या स्पोर्ट्‌स गाडीच्या बाबतीत जे दिसले त्याने त्या दिवसाचे सगळे कामच बदलून टाकले.

गाडी कोल्हापूरहून आली होती. मालक पेशाने डॉक्टर, वयाने पन्नाशीच्या पुढचे आणि गाडीवर मनापासून जीव असलेले. २००८ सालचे मॉडेल, गार्ड्‌स रेड नावाचा तो प्रसिद्ध लाल रंग, वर कापडी छत. गाडी त्यांनी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून ‘बॉक्स्टर एस’ म्हणून, म्हणजे साध्या बॉक्स्टरच्या वरचे, अधिक ताकदीचे मॉडेल म्हणून घेतली होती आणि पाठीवर तशी अक्षरेही होती. उन्हापावसाने पुढच्या ढालीचे, म्हणजे बॉनेटवरच्या ढालीच्या आकाराच्या पोर्शेच्या चिन्हाचे, रंग फिके पडले होते, तिच्यावरच्या थराला बारीक तडे गेले होते आणि मागच्या अक्षरांचा मुलामा फुगून आला होता. नवी ढाल आणि ‘बॉक्स्टर एस’ ही अक्षरे असा मूळ कंपनीचा संच त्यांनी अधिकृत मार्गाने मागवून सोबत आणला होता, याचे मला फार समाधान वाटले. बाजारात मिळणाऱ्या नकली ढालींमध्ये मधला स्टुटगार्टचा घोडा ओबडधोबड असतो आणि भोवतीच्या व्युर्टेंबर्गच्या सांबरशिंगांच्या टोकांना धार नसते. ज्याने एकदा खरी ढाल हातात घेतली आहे त्याला हा फरक लांबूनही कळतो.

बॉनेटवरची ढाल चिकटवलेली नसते. तिच्या पाठीला दोन पिना असतात आणि त्या बॉनेटच्या भोकांत बसवलेल्या प्लास्टिकच्या बुशांमध्ये दाबून बसतात. भोवती मास्किंग टेपचे दोन थर देऊन, प्लास्टिकची पातळ पाचर खालच्या टोकाकडून सरकवून, एका बाजूला फार न उचलता ती सरळ वर घ्यावी लागते. तिरकी ओढली तर पीन बुशात मोडते. जुने बुश कडक झाले होते म्हणून तेही बदलले, खालची साचलेली माती साफ केली आणि नवी ढाल बसवली. हे काम कोणत्याही अडचणीविना झाले.

मागच्या अक्षरांना मात्र पिना नसतात. ती केवळ चिकटपट्टीवर उभी असतात, त्यामुळे काढण्याआधी त्यांची जागा नीट टिपून ठेवणे हाच कामाचा अर्धा भाग असतो. मी डिकीच्या दोन्ही कडांपासून मापे घेतली, अक्षरांच्या तळाला समांतर टेप लावली, पारदर्शक कागदावर आकार उतरवून घेतला आणि छायाचित्रे काढली. पहिली शंका इथेच आली. ‘बॉक्स्टर’ हा शब्द एकटा धरला तर तो डिकीच्या बरोबर मध्यावर येत होता. पण ‘एस’ धरून मोजले की संपूर्ण मजकूर उजवीकडे सरकलेला भरत होता. कारखाना अशी अक्षरे अंदाजाने लावत नाही. डिकी कधीतरी रंगवली असेल आणि नंतर अक्षरे हाताने लावली असतील, असे धरून मी पुढे गेलो, कारण जुन्या गाडीत हे सर्रास आढळते.

हीट गन कमी आचेवर ठेवून, एका जागी न थांबवता, पत्रा हाताला सोसवेल इतपतच गरम केला. मग तंगूसचा, म्हणजे मासे पकडण्याच्या नायलॉनच्या दोऱ्याचा, तुकडा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून अक्षरांच्या मागून करवतीसारखा चालवला. तंगूस रंगाला लागला तरी चरा पाडत नाही, आणि गोंद मऊ झालेला असेल तर तो अक्षरामागे अलगद सरकत जातो. ‘बॉक्स्टर’चा शब्द सावकाश सुटला, त्याचा गोंद पातळ, राखाडी आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने आटलेला होता. ‘एस’ मात्र पहिल्या झटक्यातच निघाला, आणि त्याच्या पाठीला पांढऱ्या फोमची जाड पट्टी होती. एकाच वेळी लावलेल्या अक्षरांना दोन प्रकारचा गोंद असण्याचे काहीच कारण नव्हते.

गोंद अंगठ्याने गोळा करून काढला, उरलेला डांबर काढण्याच्या द्रावणाने पुसला आणि दिवा आडवा धरून पाहिले. ‘बॉक्स्टर’ जिथे होते तिथे शब्दाचा संपूर्ण आकार गडद, ताज्या लाल रंगात उमटलेला होता, कारण तेवढ्या जागेला इतकी वर्षे ऊन लागलेलेच नव्हते. लाल रंगात असा ठसा विशेष ठळक दिसतो. ‘एस’ जिथे होता तिथे ठसाच नव्हता. तिथला रंग भोवतालच्या रंगाइतकाच उतरलेला होता. इतकेच नव्हे, तर गाडी पुसताना कापडाने पडणाऱ्या ज्या केसासारख्या बारीक रेघा डिकीभर होत्या, त्या ‘एस’च्या जागेतूनही सरळ आरपार गेलेल्या होत्या; ‘बॉक्स्टर’च्या ठशात मात्र एकही रेघ शिरलेली नव्हती. याचा अर्थ एकच निघत होता. गाडी अनेक वर्षे नुसती ‘बॉक्स्टर’ म्हणून उन्हात उभी राहिली, पुसली गेली, आणि ‘एस’ तिच्यावर फार उशिरा आला.

डिकी रंगवलेली असण्याची शक्यता तरीही तपासायला हवी होती, म्हणून जाडी मोजण्याचे यंत्र लावले. डिकी, तिच्या दोन्ही बाजूंचे पत्रे आणि दरवाजे, सगळीकडे आकडे १०० ते १२० मायक्रॉनच्या दरम्यानच फिरत राहिले. रंगावर रंग चढवलेला असता तर डिकीवर तो आकडा सहज दुप्पट झाला असता. रंग मूळचाच होता. मी हातातले काम थांबवले आणि सहकाऱ्याला गाडी लिफ्टवर घ्यायला सांगितली.

साध्या बॉक्स्टरमध्ये आणि ‘एस’मध्ये त्या वर्षी जो खरा फरक होता तो इंजिनाचा. साध्या गाडीत २.७ लिटरचे, २४५ अश्वशक्तीचे इंजिन, आणि ‘एस’मध्ये ३.४ लिटरचे, २९५ अश्वशक्तीचे. पण या गाडीत इंजिन आसनांच्या मागे, छताच्या घडीखाली असते. पुढचे झाकण उघडा किंवा मागचे, दोन्हीकडे सामान ठेवायची जागाच दिसते आणि इंजिन काही दिसत नाही. म्हणून खरेदी करणारा माणूस बाहेरच्या खुणांवर विसंबतो: ‘एस’चे ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून दाबणारे भाग, लाल असतात, साध्या गाडीचे काळे, ‘एस’च्या सायलेन्सरला मधोमध दोन तोंडे असतात, साध्या गाडीला एक. या गाडीत कॅलिपर लाल होते आणि तोंडेही दोन होती. चाक काढल्यावर दिसले की लाल रंग कॅलिपरवरून ओघळून ब्रेकच्या होजवर आणि हवा काढण्याच्या निपलवरही गेला होता. सायलेन्सरची जोडतोंडे पट्टा आवळून बसवलेली होती. पुढची डिस्क मोजली तर २९८ मिलिमीटर भरली. ‘एस’ला ३१८ मिलिमीटरची असते. रंग आणि तोंडे कोणीही बदलून घेऊ शकतो, पण वीस मिलिमीटरने मोठी डिस्क आणि तिच्याबरोबरचा मोठा ब्रेक बसवण्याचा खर्च असा माणूस करत नाही.

डॉक्टरसाहेब दुपारी आले. त्यांना आत बोलावून मी आधी डिकी दाखवली, दिवा त्यांच्याच हातात दिला आणि जे मला दिसले ते त्याच क्रमाने सांगितले. ‘तुम्हाला फसवले’ हे वाक्य मी मुद्दाम उच्चारले नाही, कारण कोणी केव्हा ‘एस’ चिकटवला याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. त्यांनी बराच वेळ त्या रेघांकडे पाहिले आणि विचारले, “याहून पक्के काही आहे का?” मी म्हणालो, “साहेब, तुमच्याच खिशात आहे. आरसी काढा.” त्यावर इंजिनाची घनक्षमता छापलेली होती: २६८७ सीसी. ‘एस’ असती तर ३३८७ असती. खरेदीच्या वेळी त्यांनी नाव, चासी क्रमांक, कर, विमा सगळे तपासले होते. या चार आकड्यांकडे बघायला त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि या गाडीची माहिती नसलेल्या माणसाला ते सुचणेही अवघड आहे. पुढच्या झाकणाच्या आतला कारखान्याचा स्टिकर कोणीतरी खरवडून काढलेला होता, हेही तेव्हाच लक्षात आले. त्या स्टिकरवर मॉडेल आणि इंजिनाचे संकेतांक असतात. मोनोग्राम लावणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असावे, अशी माझी त्यावरून खात्री झाली.

आता प्रश्न नव्या अक्षरांचा होता. पाठीवर मॉडेलचे नाव नको असेल तर तसे सांगून नाव न लावलेली गाडी पोर्शेकडून मागवता येते, त्यामुळे पाठ कोरी ठेवणे हाही एक सभ्य मार्ग होता आणि तो मी त्यांना सुचवला. माझ्या कार्यशाळेत गाडीला तिच्या वरच्या मॉडेलचे नाव लावले जात नाही. मालकाने हौसेपोटी मागितले तरी लावत नाही, कारण आजची हौस उद्याच्या खरेदीदाराच्या गळ्यात पडते आणि नेमके तेच इथे घडले होते. डॉक्टरसाहेबांना हे समजावावे लागले नाही. ते म्हणाले, “जी आहे तीच लिहा. गाडी चालवायला मला काल आवडत होती, ती आजही आवडते. व्यापाऱ्याचे मी बघतो.”

नवी अक्षरे एकाच पारदर्शक फिल्मवर होती. ‘एस’पाशी ती फिल्म कात्रीने सरळ कापून तो तुकडा मी बाजूला ठेवला. डिकी बारीक पॉलिशने बफ केली, पण ठसा पूर्ण नाहीसा होईपर्यंत नाही. त्यासाठी जेवढा क्लिअर कोट घासावा लागला असता तेवढा या रंगाला परवडला नसता, आणि नवी अक्षरे त्याच ठशावर बसणार असल्याने त्याची गरजही नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून, सकाळी लावलेल्या टेपच्या रेषेवर अक्षरे टेकवली, प्रत्येक अक्षरावर अंगठ्याने दाब दिला आणि फिल्म अगदी सपाट मागे वळवत सोलून काढली. शब्द डिकीच्या बरोबर मध्यावर आला.

अशा चिकटपट्टीची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, म्हणून तोवर गाडी धुवायची नाही आणि प्रेशरचे पाणी तर जवळही आणायचे नाही, हे त्यांना लिहून दिले. सोबत ठशाची छायाचित्रे, रंगाच्या जाडीचे आकडे, डिस्कचे माप आणि दोन्ही प्रकारचे गोंद दिसतील असे जुन्या अक्षरांचे फोटो जोडून सहीचा अहवाल तयार केला. जुना ‘एस’ एका पाकिटात घालून त्यांच्या हवाली केला. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. अहवाल पाहिल्यावर व्यापाऱ्याने दोन्ही मॉडेलांच्या किमतीतला फरक परत करण्याचे मान्य केले होते आणि त्यातली बरीचशी रक्कम हातात आली होती. उरलेल्या रकमेसाठी वकिलांची नोटीस तयार होती आणि तिच्यासोबत जोडायला छायाचित्रांच्या मूळ प्रती हव्या होत्या. त्या मी त्याच संध्याकाळी पाठवून दिल्या.