तुम्ही विचारलंत म्हणून: खान्देशच्या उन्हाळ्यात कोल्ड ब्रू

मार्च सरला की एक प्रश्न हमखास येतो. कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास मुरवलेली कॉफी, घरी करायची कशी, आणि गरम कॉफी करून फ्रिजमध्ये ठेवली तर बिघडतं कुठे? माझं उत्तर असं, की दोन्ही कॉफ्या चांगल्या, पण त्या एकमेकींची जागा घेत नाहीत. आणि आपल्याकडे कोल्ड ब्रू मुरवायची ती फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

कॉफीतली चव पाण्यात उतरायला एकतर उष्णता लागते, नाहीतर वेळ. 92 ते 96 अंशांचं पाणी तीन-चार मिनिटांत आंबटपणा, गोडवा, कडवटपणा, सुगंध सगळं ओढून घेतं. गार पाणी तेच काम 14 ते 18 तास करतं, तरी कडवट आणि आंबट भाग बराचसा चोथ्यातच राहतो. म्हणून कोल्ड ब्रू मऊ लागते, घशाला टोचत नाही. सुगंध मात्र गरम कॉफीचाच खरा. ती कॉफी गार होईपर्यंत हा सुगंध वाफेवर निघून जातो आणि कडवटपणा पुढे येतो. बिघडतं ते इथे.

बऱ्याच कृतींत लिहिलेलं असतं की बरणी खोलीतच रात्रभर ठेवा. ती खोली 20-22 अंशांची असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला दुपारी पारा 44-45 वर जातो आणि स्वयंपाकघर रात्रीही तिशीच्या खाली यायला तयार नसतं. अशा उबेत कॉफी गरजेपेक्षा जास्त उतरते आणि तुरट, लाकडासारखी लागते. त्याहून वाईट म्हणजे त्यात जंतू वाढू शकतात, कारण कॉफी काही लिंबाच्या रसाइतकी आंबट नसते. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा आंबूस वास आला तर ती सरळ ओतून द्या. वास आला नाही म्हणजे चांगलीच आहे, असंही धरू नका.

आता माप. 100 ग्रॅम कॉफी, 800 मिली गार पाणी. दळण जाडसर हवं, लापशीच्या रव्याएवढं. मिक्सरवर करायचं तर एकसलग फिरवू नका. दोन-दोन सेकंद थांबत फिरवा, मध्ये भांडं हलवा. बारीक पीठ पडलं की कॉफी गढूळ होते आणि गाळताना फडकं तुंबतं. कोल्ड ब्रू फसते ती बहुधा इथेच. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड नको. ती दुधाच्या गरम कॉफीला झकास, पण इतका वेळ भिजली की चिकोरीच वर येते. इन्स्टंट पूड तर विरघळणारी, तिला मुरवून काहीच मिळत नाही. चिकमंगळूर किंवा कूर्गची मध्यम ते गडद भाजलेली अरेबिका जातीची कॉफी घ्या. हलकी भाजलेली, फळांच्या वासाची महागडी बी यात वाया जाते. ती गरमच करावी.

काचेच्या बरणीत पूड घालून पाणी थोडं थोडं ओता आणि चमच्याने हलवा, कारण कोरडी पूड वर तरंगत राहते. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये 16 तास. लोणच्याची बरणी वापरू नका, तिच्या झाकणाच्या रबरात वास मुरलेला असतो. फ्रिजमध्ये काळ्या मसाल्याचा डबा उघडा असेल तर तोही आधी बंद करा. कॉफी वास पटकन ओढते. दोन-तीन तास लाइट गेली तर दार उघडू नका, काही बिघडत नाही.

गाळताना आधी चहाची गाळणी, मग दुहेरी मलमल. नवं मलमल आधी उकळून घ्या, नाहीतर खळीची चव उतरते. फडकं पिळायचा मोह आवरा. पिळलं की गाळ आणि तुरटपणा दोन्ही खाली येतात. चोथा साधारण 200 मिली पाणी धरून ठेवतो, तेव्हा हाती 600 मिलीच्या आसपास अर्क येतो. पिताना त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घाला. बर्फ भरपूर असेल तर पाणी कमी. साखर गारात पटकन विरघळत नाही, म्हणून साखर-पाणी समभाग घेऊन पाक करून ठेवा. नुसता अर्क फ्रिजमध्ये पाच दिवस चांगला राहतो. दूध घातलं की त्याच दिवशी संपवा.

पाण्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा मारून टाकतात, कप सपाट लागतो. गरम असो वा गार, पिण्याचं गोडं पाणीच घ्या.

पित्ताचं विचारता म्हणून हेही सांगतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी 2018 मध्ये दोन्ही प्रकारांची आम्लता मोजली. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, जवळपास सारखाच निघाला, 4.85 ते 5.13, एकूण आम्लं मात्र गरम कॉफीत जास्त होती. तेव्हा कोल्ड ब्रू सौम्य लागते हे खरं, पण पित्तावरचं औषध समजून पिऊ नका. खर्चही पाहा. 240 मिलीच्या ग्लासाला वरच्या मापाने 20 ग्रॅम कॉफी जाते, गरमला 15 पुरते. पूड जास्त म्हणजे कॅफीनही कमी नाही. संध्याकाळी अर्धाच ग्लास घ्या.

पाहुणे दारात उभे असतील तर 16 तास कुठून आणणार? मग भांड्यात 120 ग्रॅम बर्फ घ्या, वर फिल्टर पेपरचा कोन ठेवून त्यात मध्यम दळलेली 20 ग्रॅम कॉफी घाला. उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि 180 मिली पाणी तीन वेळा विभागून, तीन मिनिटांत ओता. बर्फावर पडता क्षणी कॉफी गार होते, त्यामुळे सुगंधही बराचसा आतच राहतो.