जुना चार फुटी रोटाव्हेटर मिनी ट्रॅक्टरला जोडताना

निपाणी-चिकोडीकडे उसाच्या पट्ट्यात १८ ते २४ एचपीचे मिनी ट्रॅक्टर वाढलेत, आणि मोठ्या ट्रॅक्टरवरून उतरलेले जुने रोटाव्हेटर गावोगावी पडून आहेत. दोघांची सांगड घालता येते. पण बहुतेक जण पिनाच्या मापावर अडतात आणि जॉइंट शाफ्टकडे, म्हणजे ट्रॅक्टरची फिरती ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याकडे, बघतच नाहीत. मोडतोड मात्र शाफ्टमुळेच होते.

आधी ताकद बघा. चार फुटी रोटाव्हेटर २४ एचपीला खानापूरकडच्या हलक्या लाल मातीत, उथळ चालवला तर झेपतो. अथणीच्या काळ्या रानात, ओल कमी असताना, तो इंजिन दाबून टाकतो. तिथं तीन फुटीच घ्यावा. काही जण कडेच्या फ्लँजची (पाती बसवायच्या चकतीची) पाती काढून रुंदी कमी करतात. हे करू नका. कडेची चेन-केस (साखळीचा डबा) आणि साइड प्लेट मग न फुटलेल्या मातीवर घासत चालतात, खोली मिळत नाही आणि केस झिजते.

आता जोडणी. मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार साधारण कॅटेगरी २ चं असतं (कॅटेगरी म्हणजे जोडणीच्या मापाचा ठरलेला गट): खालच्या पिना २८ मिमी, टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) पिन २५ मिमी. मिनी ट्रॅक्टरला कॅटेगरी १: खाली २२, वर १९. लेथवाल्याला सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगायचं तर खाली नऊचं सात, वर आठचं सहा. खालची पिन पायरीची करून घ्या. एक बाजू अवजाराच्या भोकात बसणारी २८ मिमी, दुसरी ट्रॅक्टरच्या लिंकच्या टोकाच्या गोळ्यात जाणारी २२ मिमी. माल ईएन ८ या कणखर पोलादाचा घ्यावा, साधा एमएस (माइल्ड स्टील) वाकतो. जाड-बारीक जिथं मिळतं तिथं कोपरा काटकोनी ठेवू देऊ नका, गोलाई घ्यायला सांगा. पिन मोडते ती नेमकी त्या कोपऱ्यातून.

पिनांमधलं अंतरही वेगळं असतं. कॅटेगरी २ ला खालच्या पिनांत ८२५ मिमी, १ ला ६८३. म्हणजे प्रत्येक बाजू ७१ मिमी आत आणावी लागते. काही मिनी ट्रॅक्टरांच्या लिंका याहूनही जवळ असतात, म्हणून टेप लावूनच माप घ्या. नवीन कान (पिन बसायच्या भोकाच्या पट्ट्या) १२ मिमी प्लेटचे कापा. वेल्डिंगआधी दोन्ही कानांतून एकच सरळ सळई आरपार घालून टॅक मारा. एक कान थोडा जरी पुढे-मागे झाला तरी अवजार कायम तिरकं चालतं. वेल्डिंग रॉड ७०१८ चा, कोरडा हवा. काम अवजार ट्रॅक्टरवरून उतरवूनच करा.

टॉप लिंकचं भोक हा विसरला जाणारा भाग. कॅटेगरी २ ला ते खालच्या पिनेच्या रेषेपासून ६१० मिमी उंच असतं, कॅटेगरी १ ला ४६०. जुनंच भोक वापरलं तर उचलताना रोटाव्हेटर पुढे झुकतो, शेपूट जादा वर जाते आणि जॉइंटचा कोन बिघडतो. मास्टवर (अवजाराच्या पुढच्या उभ्या सांगाड्यावर) ४६० मिमीला नवं भोक पाडा, दोन्ही बाजूंनी जाडसर वॉशर-प्लेट वेल्ड करा.

आणि शाफ्ट. बहुतेकांना सहा दातांचा ३५ मिमी पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा) असतो, त्यामुळे बसायला अडचण नसते. लांबी मात्र जवळजवळ कधीच जुळत नाही. शाफ्टचे दोन भाग सोडवून एक पीटीओला, एक गिअरबॉक्सला लावा. पीटीओ बंद ठेवून अवजार वर-खाली करवा आणि दोन्ही टोकं सर्वांत जवळ कुठं येतात ते शोधा. तिथं इंजिन बंद करून दोन्ही भाग शेजारी धरून खूण करा आणि टोकाला ४० मिमीची मोकळीक राहील एवढं कापा. आतली नळी, बाहेरची नळी आणि प्लॅस्टिकची कव्हरं, सगळी सारखीच कापायची. कड कानसून ग्रीस लावा. मग सर्वांत लांबच्या जागी नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकांत आहेत ना, हे बघा.

शाफ्ट लांब राहिला तर अवजार उचलताच तो पीटीओच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या सीलवर दाब देतो. ऑइल गळायला लागतं आणि माणूस सील बदलत बसतो. आखूड झाला तर खड्ड्यात सुटून फिरता दांडा बाहेर येतो. तो जीवघेणा आहे. चौकोनी नळी असेल तर आणखी एक तपासा: दोन्ही नळ्यांच्या टोकांचे दुबेळके काटे एकाच पातळीत हवेत. पाव फेरा चुकला की शाफ्ट थडथडतो आणि जॉइंटमधला क्रॉस (अधिक चिन्हासारखा भाग) लवकर जातो.

लिफ्टच्या लिव्हरला थांबा लावा, जॉइंट ३० अंशांपेक्षा जास्त मोडू नये एवढा. बांधावर वळताना पीटीओ बंद करण्याची सवय ठेवा.

वजनाचंही बघा. अवजार उचलल्यावर पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार राहायला हवा. स्टेअरिंग हलकं वाटलं की पुढे वजनं लावायची वेळ झाली.

पहिल्यांदा पूर्ण उचलून न ठेवता, पाती जमिनीपासून जेमतेम वर ठेवून पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर दहा मिनिटं फिरवा. गिअरबॉक्स हात ठेवता येणार नाही इतका तापत असेल तर ९० नंबर ऑइलची पातळी आणि बेअरिंग तपासा. मग दोन-तीन इंच खोलीनं सुरू करा. शेअर बोल्ट (जादा भार आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) तुटला म्हणून जास्त ग्रेडचा घालू नका. पुढच्या दगडाला मग तो टिकतो आणि गिअर तुटतो. उसाच्या खोडव्यात पाचट रोटरच्या टोकाला गुंडाळतं आणि बेअरिंगचं सील कापतं. ते दर थोड्या वेळानं काढायला हवं. काढताना इंजिन बंद, चावी खिशात, आणि खांद्यावरचा टॉवेल बाजूला ठेवून. पहिल्या दिवसाच्या शेवटी सगळे नट परत आवळा, विशेषतः पात्यांचे.