आमची वाटचाल : आधी उसवायचं, मग शिवायचं

आमच्या गाळ्यात नवीन माणूस आला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो, "शेठ कुठे आहेत?" शेठ आमच्याकडे कधी नव्हतेच. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा हा धंदा आईने सुरू केला, कुर्ल्यात, दहा बाय बाराच्या खोलीत, आणि तोही ठरवून नाही.

साल 1986. माझा मामा टॅक्सी चालवायचा. तेव्हा मुंबईत टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, आणि ती गाडी तयारही व्हायची आमच्याच कुर्ल्यात. कागदोपत्री नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, तरी मामाच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे दोन सुट्या खुर्च्या नाहीत, सलग बाकडं. मामाच्या बाजूचं रेक्झिन फाटून स्प्रिंग वर आली होती. सीटवाल्याने आठ दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर त्या स्प्रिंगवर बसायचं कसं आणि टॅक्सी उभी ठेवायची तर खायचं काय? मामा ते अख्खं बाकडं डोक्यावर घेऊन जिना चढला आणि दारातच म्हणाला, "ताई, तू ब्लाउज शिवतेस ना, मग हे शिवायला काय लागतंय?"

बरंच काही लागतं, हे आईला अर्ध्या तासात कळलं. तिचं मशीन पायाने चालवायचं, घरगुती. रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटायचं, पुढे सरकायचंच नाही. तिने बोटाने खोबरेल तेल लावलं, मग सरकलं. शिवण मात्र तिने सवयीप्रमाणे ब्लाउजची घातली, बारीक. महिन्याभरात ते कव्हर शिवणीच्या रेघेवर पोस्टाच्या तिकिटासारखं टरकन फाटलं. रेक्झिनमध्ये सुईने पाडलेलं भोक बुजत नाही. टाके जितके जवळ तितकी ती रेघ कच्ची. तेव्हापासून आमच्याकडे इंचाला सहा टाके, अठरा नंबरची सुई आणि नायलॉनचा धागा. सुती धागा मुंबईच्या घामात कुजतो.

दुसऱ्या खेपेला आईने कात्री बाजूला ठेवली. जुनं कव्हर ब्लेडने एकेक टाका काढून उसवलं, प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडे घातले, कुठला तुकडा कुठे जोडला होता त्या आडव्या खुणा केल्या, आणि मग ते तुकडे जमिनीवर मांडले. त्यात तिला एक गोष्ट दिसली, जी मी पुढे मोठमोठ्या कारागिरांनाही चुकताना पाहिली आहे. मामा रोज बारा तास बसायचा ती उजवी बाजू ताणून चांगली दोन बोटं लांब झाली होती. तिच्यावरून कापलं असतं तर नवं कव्हर पहिल्या दिवसापासून सैल झालं असतं. तिने डाव्या बाजूचा तुकडा घेतला, उलटा केला आणि त्यावरून उजवी बाजू बेतली. कव्हर ढोलकीच्या पानासारखं बसलं.

मामाची टॅक्सी कुर्ला स्टेशनबाहेरच्या स्टँडवर उभी राहायची. जाहिरात तेवढीच. आमच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत सीटा रांगेने उभ्या राहू लागल्या आणि शेजाऱ्यांना कपडे वाळत घालायला जागा उरेना. वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. ड्यूटीवरून आल्यावर पक्कड घेऊन, कव्हर सीटच्या सांगाड्याला अडकवणाऱ्या तारेच्या कड्या काढत बसायचे आणि कुरकुर करत नसत, हे त्यांचं मोठेपण. 1994 मध्ये आम्ही सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत भाड्याने गाळा घेतला आणि जाड कामाचं जुनं मशीन आणलं. या मशीनचा वरचा पायही कापडाबरोबर पावलं टाकत चालतो, त्यामुळे वरचा थर मागे राहत नाही. खोबरेल तेलाची बाटली स्वयंपाकघरात परत गेली.

नंतरची दहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम भरपूर होतं, पैसा बेताचा होता, तयार सीट कव्हरं बाजारात येऊ लागली होती.

26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या गल्लीत आली. गाळ्यात छातीभर पाणी. दोन्ही मशीनं पाण्याखाली, रेक्झिनचे रोल चिखलात. आठवडाभरात आम्ही एक मशीन उघडून, रॉकेलने धुऊन चालू केलं, कारण बाहेर बुडालेल्या गाड्यांची रीघ लागली होती. धंद्याच्या दृष्टीने ते आमचं सर्वांत मोठं वर्ष, आणि मी सर्वांत मोठी चूकही तेव्हाच केली. जुन्या सीटमध्ये स्प्रिंगवर तरट, तरटावर काथ्या, काथ्यावर फोम असे थर असतात. काथ्या एकदा गटाराचं पाणी प्यायला की तो टाकूनच द्यावा लागतो. एका गिऱ्हाइकाला घाई होती, त्याहून जास्त मला होती. वरून सुकलेल्या काथ्यावर मी नवं रेक्झिन चढवलं. गणपतीपर्यंत त्या गाडीत बसवेना असा वास सुटला. आईने पैसे परत दिले, सीट पुन्हा उघडायला लावली आणि आतली बुरशी माझ्या हातांनी काढायला लावली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढे टॅक्सीचं काम आटत गेलं. टॅक्सीला आधी 2008 मध्ये पंचवीस वर्षांची, मग 2013 मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा आली. मामाची गाडी त्यातच भंगारात गेली. पुढचं बाकडं तेवढं त्याने काढून आणलं. ते आमच्या गाळ्यात भिंतीला लावलं आहे, गिऱ्हाइकं त्यावर बसून चहा पितात. ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, त्या दिवशी पेपरात फोटो पाहून मामाने मला सकाळी सातला फोन केला. काही बोलला नाही, हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

मधल्या काळात आम्हाला तारलं ते दादर पारशी कॉलनीतल्या एका आजोबांनी. त्यांची गाडी पन्नासच्या दशकातली फियाट अकराशे, जिला मुंबईकर तिच्या गोलमटोल अंगामुळे 'डुक्कर फियाट' म्हणतात. आजोबांना लेदर हवं होतं. जुनी गाडी म्हणजे लेदर, हा समज फार पक्का आहे. सीट उघडली तर आत, शिवणीच्या दुमडीत, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं तिथे, मूळ रेक्झिनचा शेवाळी हिरवा रंग जसाच्या तसा. बाहेरून ते करडं पडलं होतं. आजोबांनी चष्मा काढून तो तुकडा खिडकीशी नेला आणि म्हणाले, "अरे, हाच! लहानपणी मी हाच बघितला." मग लेदरचा विषय निघाला नाही. तो हिरवा मिळवायला मला दोन महिने बाजार पालथा घालावा लागला.

(रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या हाइड गावच्या एका कंपनीचं नाव. तिथे कापडावर लेप देऊन हे नकली चामडं बनवायचे. आपण ते नाव उचललं आणि आज पीव्हीसीच्या प्रत्येक चामडीला रेक्झिनच म्हणतो.)

आजोबांनी त्यांच्या मित्रांना सांगितलं, मित्रांनी आणखी मित्रांना. आणि 2020 साल आलं. सोसायट्यांनी बाहेरच्या माणसाला फाटक बंद केलं. दादरच्याच एका गृहस्थांची पद्मिनी सीट काढून उघडी पडली होती. त्यांनी फोनवर विचारलं, "ताई, मी घरीच बसवली तर?" मी आधी हसले. मग वाटलं, आमची सुरुवातही घरातच झाली होती की.

त्यांना म्हटलं, उसवू नका, कापू नका, पक्कड घेऊन खालच्या कड्या तेवढ्या तोडा, कव्हर अख्खं पाठवा. आम्ही त्यावरून बेतून, शिवून, पायपिंग लावून परत पाठवलं. पुढचं काम त्यांनी आणि त्यांच्या मुलीने दिवाणखान्यात केलं, मी व्हिडिओ कॉलवर. स्प्रिंगचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड मारला. स्प्रिंगवर नवं तरट ताणून बांधलं, नाहीतर स्प्रिंग वर्षभरात फोम कापते. फोम बसायला चाळीस डेन्सिटीचा, पाठीला बत्तीसचा, आणि मापापेक्षा अर्धा इंच मोठा, म्हणजे कव्हर आतून भरून येतं. नवं कव्हर तासभर गच्चीवर उन्हात ठेवायला सांगितलं, रेक्झिन तापलं की लवतं. फोमवर इस्त्रीवाल्याच्या कपड्यांवर असते तसली पातळ प्लास्टिकची पिशवी, म्हणजे कव्हर घसरत खाली येतं. आधी समोरची कड मध्यावर अडकवायची, मग मागची, कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केली की सुरकुती मध्ये येऊन बसते आणि मग ती काही केल्या हलत नाही.

सुरकुती आलीच, डाव्या कोपऱ्यात. मी म्हटलं, चार कड्या काढा, पुन्हा ओढा. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे, तिथे मीच बसते." राहिली.

आज आमचं निम्मं काम असं चालतं. कव्हर आमच्याकडे शिवायचं, घरी मालकाने चढवायचं. जाणकार म्हणतात, यात तुम्ही मजुरी गमावता. गमावतो. पण घरी सीट उघडणारा माणूस आत काय आहे ते बघतो, आणि मग स्वस्तात वरवरचं करून द्या म्हणून माझ्याशी हुज्जत घालत नाही.

2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू लागला, तेव्हापासून मूळ रंग, मूळ पट्ट्या यांची चौकशी वाढली आहे. पांढऱ्या लेदरवर लाल धाग्याची शिवण मागणारेही येतात. त्यांना मी तो हिरवा तुकडा दाखवते. काही ऐकतात, काही दुसरीकडे जातात. नव्या गाड्यांची कामं मात्र आम्ही घेत नाही. बऱ्याच गाड्यांच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असते, तिच्यावर चुकीची शिवण पडली तर ती वेळेला उघडणार नाही. ती जोखीम माझ्या मशीनची नाही.

आई आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. सुईत धागा ओवता येत नाही, पण उसवायचं काम अजून तिच्याकडेच. दुपारी मामाच्या बाकड्यावर बसते, मांडीवर कव्हर, हातात ब्लेड. नवीन पोरगा कात्री घेऊन पुढे आला की न बघता त्याच्या हातावर चापट मारते.

येताना जुनी कव्हरं घेऊन या, कितीही फाटलेली असली तरी. सीटखाली सापडलेली नाणी आणि तिकिटं आम्ही वेगळ्या पाकिटात परत देतो. पावसाळ्यात तारीख लांबते, आणि सोमवारी गाळा बंद असतो.