वीस मीटर सुतळी आणि १३३० सालचं नाणं

तेर परिसराची कालरेषा आम्ही सुतळीवर मांडत होतो. सातवीतल्या एका पोरानं तिच्यावर संत गोरोबाकाकांच्या चिठ्ठीला खेटून चांदीचा एक हाली रुपया, म्हणजे जुनं हैदराबादी नाणं, लावला होता. रुपयावर चारमिनार, आणि साल १३३०. सुतळीचा एक मीटर म्हणजे शंभर वर्षं, त्यामुळे त्यानं टेप धरून बरोब्बर तेरा मीटर तीस सेंटिमीटरवर चिमटा मारला. मी त्याला शाबासकी दिली आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळले. तेवढ्यात मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तवा चारमिनार कुठं व्हता?"

ती उन्हाळ्यात हैदराबादला मावशीकडे जाऊन आली होती. चारमिनार १५९१ साली बांधला, हे तिच्या पक्कं ध्यानात होतं. मग जी इमारत उभी राहायला अजून अडीचशे वर्षं आहेत, तिचं चित्र नाण्यावर कसं? वर्ग गप्प झाला. माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. ते दोन दिवसांनी मिळालं, आणि या सगळ्या उपक्रमातले ते दोन दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात.

मी धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून जवळच्या एका खेड्यात शिकवते. पाचवीच्या परिसर अभ्यासात कालसंकल्पनेचा धडा आहे. तो शिकवून झाला की मुलं इसवी सन, शक, शतक या शब्दांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात, पण शिवाजी महाराज आधी की गोरोबाकाका आधी, असं विचारलं की अडखळतात. म्हणून पाचवी ते सातवीच्या मुलांकडून तेर परिसराची कालरेषा करून घ्यायचं ठरवलं.

पहिला प्रयत्न कार्डशीटवर केला आणि तो फसला. मुलांनी पट्टीनं रेघ ओढली, दहा घटना घेतल्या आणि दहा सारखे भाग पाडले. सातवाहनांपासून गोरोबाकाकांपर्यंत चार बोटं आणि १९४८ पासून १९५६ पर्यंतही चारच बोटं. रंगीत स्केचपेननं नटवलेला तो कागद दिसायला सुरेख होता, फक्त त्यात काळ कुठेच नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी वाण्याकडून सुतळीचा गुंडा आणला. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मीटर सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी माप ठरवा, चिठ्ठ्या नंतर लिहा.

सुरुवातीचं टोक शोधायला आम्ही तेरला गेलो. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठं नगर आहे, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातो, असं त्यानं लिहिलंय. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मुलं हस्तिदंती बाहुलीपुढे बराच वेळ उभी होती. तशाच धाटणीची एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडली. पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच तिथं पोचलेली होती. आमच्या सुतळीवरचं पहिलं खात्रीचं साल असं परमुलखातनं आलं. एका मुलानं चिठ्ठीवर लिहिलं, "बाहुली : ७९ च्या आसपास, नक्की साल नाही." मी ते 'नक्की साल नाही' खोडू दिलं नाही.

बाहुली लागली, सातवाहन लागले आणि पुढे जवळजवळ दहा मीटर सुतळी रिकामी. मग थेट गोरोबाकाका, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले. पाचवीतल्या एका पोरानं त्या मोकळ्या सुतळीखालून चालत जाऊन विचारलं, "इथं गावात कुणीच नव्हतं का?" कार्डशीटवर हा प्रश्न कधीच आला नसता. मग आम्ही त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ त्या जागेत आणलं. शिलाहारांची गोष्ट सांगितली. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे हे राजे आपल्या लेखांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेतात. इतक्या लांब राज्य करणाऱ्यांना तगरचं नाव मिरवावंसं वाटलं, हे ऐकून पोरांच्या माना ताठ झाल्या. तरीही बरीच सुतळी मोकळी राहिली, आणि ती तशीच ठेवली.

आता नाण्याकडे येते. मी ते शेजारच्या गावातल्या उर्दू शाळेच्या सरांकडे घेऊन गेले. त्यांनी ते बोटावर फिरवून पाहिलं आणि चारमिनारच्या मधल्या कमानीतलं बारीकसं अक्षर दाखवलं. ते ऐन होतं, शेवटचे निजाम उस्मान अलींच्या नावातलं पहिलं अक्षर. त्यांच्या आधीच्या महबूब अलींच्या नाण्यांवर त्याच जागी मीम असतं. आणि साल? साल हिजरी. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं, त्यामुळे नुसती बेरीज चालत नाही. आकड्याला ०.९७ नं गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. पोरांनी फळ्यावर गणित मांडलं. १९१२ आलं. रुपया जवळजवळ सहा मीटर पुढे सरकला आणि बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोचल्याच्या चिठ्ठीशेजारी, १९११ जवळ, जाऊन बसला. ज्या पोरानं तो आणला होता तो म्हणाला, "म्हणजे ह्यो रुपया गाडीत बसला आसंल."

आपल्याकडे हा घोळ पावलोपावली आहे. निजामाच्या नाण्यावर हिजरी, महसुलाच्या कागदावर फसली म्हणजे महसुली सन, देवळातल्या लेखावर आणि पंचांगात शक. फसलीत ५९० मिळवायचे, शकात ७८. पुण्या-मुंबईकडे तयार झालेल्या नमुना कालरेषेत फसलीचा विचारच नसतो, आणि आमच्या मुलांच्या घरातल्या ट्रंकांमध्ये तर फसलीचेच कागद आहेत.

एकोणिसाव्या मीटरनंतर चिमट्यावर चिमटे चढायला लागले. म्हणून १९०० पासून पुढची वेगळी सुतळी बांधली, वर्षाला दहा सेंटिमीटर. ती भरायला आज्या-आजोबा लागले. त्यांना साल विचारून उपयोग नसतो. 'रझाकारात' (म्हणजे १९४८ च्या आसपास, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धुमाकुळात), 'बहात्तरच्या दुष्काळात', 'भूकंपाच्या आधी' अशीच त्यांची मोजणी. दुष्काळात मदतीची सुकडी खाल्लेली आणि खडी फोडायला गेलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत. किल्लारीचा भूकंप तर तिथीसकट सगळ्यांना पाठ होता: गणपती बुडवून घरी आलो, निजलो, अन् पहाटे भुई हलली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.

मुलांनी आजी-आजोबांची आधार कार्डं बघितली तेव्हा बहुतेकांचा जन्म १ जूनचा निघाला. नाव घालताना गुरुजींनी जून महिना धरून तारीख टाकायची, ही जुनी रीत. एका आजीच्या कार्डावर १९५२ होतं. आजी मात्र सांगत होत्या, "रझाकारात मी मायच्या कडंवर व्हते. बार्शीकडं पळताना मायनं माझं तोंड पदरानं दाबून धरलं व्हतं, रडले आसते तर सगळेच सापडलो आसतो." बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर होती. मग खरं काय, कार्ड की कडेवरची आठवण? मुलांनी तासभर वाद घातला आणि आजीच्या जन्माची चिठ्ठी १९४७ वर गेली, कंसात 'अंदाजे'.

१९४८ चा सप्टेंबर मात्र मला जपून हाताळावा लागला. १३ तारखेला भारताच्या फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. दरवर्षी मुक्तिदिनाला मुलं हेच ऐकतात. पण वर्गातल्या एका मुलाच्या पणजोबांना त्याच महिन्यात, कारवाईनंतर, जमावानं मारलं होतं. पुढे या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोजला आहे. त्याच्या आजीनं हे नातवाला पहिल्यांदाच सांगितलं आणि त्यानं ते दोन ओळींत लिहून आणलं. वाचून दाखवताना त्याचा आवाज बारीक झाला. कडेवरच्या लेकराची चिठ्ठी आणि ही चिठ्ठी एकाच चिमट्यात लावायची का, असं मी दोघांनाही विचारलं. त्यांनी दोन चिमटे घेतले आणि शेजारीशेजारी लावले.

सगळं मिळून सात आठवडे गेले, आठवड्याला तीन तासिका. परीक्षेच्या दृष्टीनं हा वेळ वाया गेला, असं मला एका वरिष्ठानं सुनावलं. मी सुतळी काढली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीतल्या एका पोरानं पणजोबांच्या जमिनीचा उर्दू कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला. उर्दू शाळेच्या सरांनी त्यावरचं साल वाचून दिलं होतं, १३३२ फसली. पोरानं हातावर पेननं बेरीज केली, १९२२, आणि चिमटा घेऊन निघाला. तेवढ्यात चारमिनारवाल्या मुलीनं त्याला अडवलं. "महिना कंचा हाय?"

त्यानं चिठ्ठी उलटली. तीर. भिंतीवर सरांनी लिहून दिलेली बारा महिन्यांची यादी आहे, ऑक्टोबरातल्या आजूरपासून सुरू होणारी. दोघांनी बोटं लावून मोजलं. तीर आठवा. म्हणजे मे महिना, साल पालटून गेलेलं. त्यानं चिमटा दहा सेंटिमीटर पुढे नेला आणि १९२३ वर लावला.