अंबाडीची रात्र

कुंडीतली लाल अंबाडी एकदा मी उपटायलाच निघाले होते. माझ्या कमरेच्या वर गेलेली, लालबुंद दांड्याची, हाताच्या बोटांसारख्या चिरलेल्या पानांची. सगळं जोमात, पण कळीचा पत्ता नाही. बी पेरलं तेव्हा स्वप्न एवढंच होतं, की घरच्या बोंडांचा लाल, आंबट चहा काचेच्या पेल्यात ओतायचा आणि आधी पोटभर बघायचा. खत घातलं. पाणी वाढवलं, मग कमी केलं. पिठ्या ढेकूण आला, तोही धुऊन काढला. बाई ढिम्म.

दोष गॅलरीतल्या दिव्याचा निघाला, म्हणजे माझाच. अंबाडीला फुलायला लांब रात्र लागते. दिवस 12-13 तासांच्या खाली उतरला की ती कळ्या धरायला लागते, आणि रात्र तिला सलग हवी; मध्येच उजेड पडला की हिशोब चुकला. माझा दिवा रात्रभर चालू. का, तर मला अंधाराची भीती वाटते. (या वयात हे कबूल करायला अंबाडी यावी लागली.)

दिवा बंद केला आणि काही आठवड्यांत कळ्या आल्या. जास्वंदीच्याच कुळातलं फूल, फिकट पिवळं, गळ्याशी गडद लाल, आणि आयुष्य एका दिवसाचं. ते गळलं की त्याच्या बुडाशी असलेली निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पाकळीसारखी पानं, फुगतात, मांसल होतात. आपण फळ म्हणून तोडतो ती हीच. खरं फळ म्हणजे आतली हिरवी बोंडी, ती आपण काढून टाकतो. चहा म्हणावं तर त्यात चहाचं पान नाही. एवढी लबाडी करूनही काय सुंदर लागतो!

सोलणं मात्र किचकट. बोंड देठाकडून जरा कापायचं आणि बोंडी मागून अंगठ्याने रेटायची. नीट जमलं तर ती टप्पकन बाहेर पडते आणि हातात लाल पोकळ फूल उरतं. नाही जमलं तर चिंध्या. टोपलीभर सोललेली बोंडं वाळून जेमतेम बरणीच्या तळाशी बसली, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. पेला सोड्याने घासताना तळाचा लाल थेंब निळसर झाला, त्यातच काय ते समाधान.

झाडावर अजून कळ्या आहेत, म्हणून दिव्याला हात लावायचा नाही. रात्री गॅलरीत बसून चहा पिते. पेला काचेचाच आहे, पण रंग काही दिसत नाही.